चाळीस क्रिया आणि चौदा शिक्के

मिनोबे तोकुजी यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायचं ठरवलं, तेव्हा मुख्य अडचण इंग्रजीची नव्हती. मुख्य अडचण अशी होती, की त्यांना इंग्रजी येतं हे सगळ्या गल्लीला बावीस वर्षांपासून माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी खिडक्यांच्या चौकटींच्या एका प्रदर्शनासाठी कंपनीने त्यांना चार दिवस फ्रँकफुर्टला पाठवलं होतं. फ्रँकफुर्टमध्ये जर्मन बोलतात हा मुद्दा गल्लीत कोणी काढला नाही, आणि आपण होऊन काढावा इतके मिनोबे उद्धट नव्हते. तेव्हापासून परदेशी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर असो की नातवाच्या बनियनवर छापलेलं वाक्य, सगळं त्यांच्या दारात येई. मिनोबे ते गंभीर चेहऱ्याने ठेवून घेत, "जरा संदर्भ बघावा लागेल" म्हणत, आणि दोन दिवसांनी मुलीला विचारून उत्तर देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे मुलगी, चिसातो, नोकरीसाठी न्यूझीलंडला गेली तेव्हा संदर्भ बघायला आठवडा लागू लागला. त्यावरून गल्लीने एवढाच निष्कर्ष काढला, की मिनोबेसानांचा व्यासंग वाढला आहे.

आता चिसातोचं लग्न तिकडच्याच कॅलम नावाच्या मुलाशी ठरलं होतं. कॅलमचे वडील डेस्मंड, विधुर गृहस्थ, तीस वर्षं शाळेची बस चालवणारे, ते तीन नोव्हेंबरच्या सुट्टीला व्याह्यांकडे जेवायला येणार होते. सप्टेंबरात चिसातोचा फोन आला.

"बाबा, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. तुम्ही नुसतं हसा. बोलायचं मी बघते."

हे वाक्य मिनोबेंना लागलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या व्याह्यासमोर, नुसतं हसायचं! शिवाय त्यांना डेस्मंडना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती चिसातोच्या तोंडून सांगता येण्यासारखी नव्हती, कारण ती चिसातोबद्दलच होती. ही मुलगी अधूनमधून एकदम कोसळते. तेव्हा तिला काय झालं म्हणून विचारायचं नाही. विचारलं की दुप्पट रडते. काही न बोलता गरम चहाचा पेला जवळ ठेवून निघून जायचं, की ती आपोआप ताळ्यावर येते. हा शोध लागायला मिनोबेंना एकोणीस वर्षं लागली होती, आणि समुद्रापलीकडच्या माणसांना तो पुन्हा पहिल्यापासून लावावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आता हे भाषांतर चिसातोकडूनच करून घ्यायचं म्हणजे आजाऱ्यालाच आपली शोकसभा भरवायला सांगण्यासारखं होतं.

त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन, दोनदा आजूबाजूला बघून, एक पातळसं पुस्तक विकत घेतलं. त्यात 'गेट अप'सारख्या, रोजच्या वापरातल्या चाळीस जोडक्रिया होत्या, आणि सगळ्या कर्माशिवाय चालणाऱ्या. लेखकाने प्रस्तावनेत म्हटलं होतं, की या क्रियांना पुढे काही जोडावं लागत नाही. कर्ता आला, क्रिया झाली, वाक्य संपलं. मिनोबेंना हे फार पटलं. शाळेत असताना 'कोणाला' आणि 'काय' इथेच त्यांचं घोडं पेंड खात असे. या क्रिया मात्र कोणाच्या अध्यात ना मध्यात. स्वतःचं स्वतः करायचं आणि गप्प बसायचं. एकतीस वर्षं कंपनीच्या सामान्य प्रशासन विभागात काढलेल्या माणसाला स्वभावाने त्या जवळच्या वाटल्या.

मात्र जवळ गेल्यावर त्यांचे गुण कळू लागले. इंग्रज माणूस झोपेतून उठतो तो 'अप', मोठा होतो तो 'अप', घाई करतो ती 'अप', उगवतो तो 'अप', आणि हात टेकतो तेव्हाही 'गिव्ह अप' म्हणून वरच जातो. खाली यायला त्याला यंत्र बिघडावं लागतं. माणूस कोसळला आणि लिफ्ट बंद पडली, तर दोघांना एकच 'ब्रेक डाउन'. मिनोबे बसस्टॉपवर उभे राहून हे पुटपुटत, आणि कोणी ओळखीचं आलं की खोकत.

पाठांतरासाठी त्यांनी चाळीसही क्रिया एका स्वच्छ कागदावर उतरवल्या. शेजारी जपानीत अर्थ. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एकतीस वर्षं परिपत्रकं काढणाऱ्या माणसाचा हात कोरा कागद बघून स्वस्थ बसत नाही. हा गृहस्थ घरात मुळा-कांद्याची यादी करायची तरी वर तारीख टाकी. तर या कागदावरही वर उजवीकडे तारीख आली. खाली आलं: 'विषय: खालील चाळीस क्रिया आत्मसात करण्याबाबत. मुदत: ३ नोव्हेंबर. कोणीही हयगय करू नये.' तळाशी शिक्के मारायचे वीस चौकोन आले. बेत असा, की रोज दोन क्रिया पाठ झाल्या की एका चौकोनात आपल्या नावाचा शिक्का मारायचा. पहिल्या दिवशी दोन झाल्या. त्यांनी पहिल्या चौकोनात लाल शिक्का मारला, 'मिनोबे', आणि समाधानाने अंघोळीला गेले.

त्याच वेळी गल्लीची फिरती पाटी घरात आली होती.

फिरती पाटी म्हणजे चिमटा लावलेला पुठ्ठा. गटारसफाईची तारीख, मोठा कचरा कधी न्यायचा, असले नगरपालिकेचे आणि गल्लीच्या मंडळाचे कागद त्याला लावलेले असतात. एका घराने बघायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या दाराला अडकवायची. बघायची म्हणजे वाचायची असं नाही. पण शिक्का मात्र मारायचा, आणि शिक्का मारला की मान्य.

दोन दिवस कागद शोधून झाल्यावर मिनोबेंनी बायकोला विचारलं. सातोए तांदूळ धूत होती.

"तो चौकोनांचा कागद ना? तो मी पाटीला लावला."

"पाटीला? का?"

"अहो, तो पाटीचाच होता. वर तारीख, खाली चौकोन, तुमचा शिक्का मारलेला. मला वाटलं चिमट्यातून निसटला."

"तू वाचलास का?"

"पाटीवरचं कोण वाचतं?" सातोए म्हणाली. आणि हे खरंच होतं.

मिनोबे चपला घालून शेजारी धावले. काकुताबाई एकोणऐंशी वर्षांच्या, गल्लीतल्या कचऱ्याच्या वर्गीकरणावर त्यांची नजर असे. बाटलीचं बूच कोणत्या पिशवीत गेलं यावरून त्या घरातल्यांची कुंडली सांगत.

"बरे आलात, मिनोबेसान," त्यांनी दारातच धरलं. "ते अठरा नंबरचं, 'काम डाउन', शांत होणे, ते दिवसातून किती वेळा करायचं?"

"तुम्ही... वाचलंत?"

"मी नाही वाचणार तर कोण वाचणार? उतरवूनही घेतलंय. डोळ्यांना त्रास झाला, पण मुदत आहे ना तीन तारखेची. हयगय करू नये लिहिलंय."

"पाटी जरा परत मागवता येईल का? एक दुरुस्ती होती."

काकुताबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यांनी काचेच्या दिवशी कागद बाहेर ठेवला होता. "उलटी? पाटी उलटी? चाळीस वर्षांत पाटी उलटी गेली नाही, मिनोबेसान. भूकंपातसुद्धा सरळच गेली. आणि तुमचाच तर पहिला शिक्का आहे त्याच्यावर!"

कबूल करायचं म्हणजे बावीस वर्षं पाण्यात. मिनोबे "हो ना, सहज विचारलं" म्हणाले आणि घरी येऊन पडून राहिले.

पाटी चौदा घरं फिरून चौदा शिक्क्यांनिशी मंडळाचे अध्यक्ष निशिकोरी यांच्याकडे पोचली. निशिकोरी निवृत्त हेडमास्तर. कोणताही कागद ते पेन्सिल घेऊन वाचत. या कागदाने त्यांच्या आयुष्यात पुन्हा प्रकाश आला. रविवारी सकाळीच ते मिनोबेंकडे हजर.

"आपत्कालीन कवायत," ते म्हणाले. "मी पहिल्या वाचनातच ओळखलं. लुक आउट, गेट डाउन, लाइन अप! आणि सत्तावीस नंबर बघा, 'पास आउट', बेशुद्ध पडणे. अठ्ठावीस, 'कम टू', शुद्धीवर येणे. केवढा शास्त्रशुद्ध क्रम! आणि परदेशी पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. शासन सुधारतंय, मिनोबेसान."

क्रम पुस्तकातलाच होता. मिनोबेंनी क्षीण प्रयत्न केला. "पण 'सेटल डाउन' म्हणजे बस्तान बसवणे... ते कवायतीत..."

"निवारा केंद्रात. कुठे कोणी पथारी टाकायची यावरून केवढी भांडणं होतात!"

"आणि 'ग्रो अप'? मोठे होणे?"

"ती भांडणं करणाऱ्यांसाठी सूचना."

"एकोणचाळीस नंबर 'पास अवे' आहे, अध्यक्ष. मरण पावणे."

निशिकोरींनी काही क्षण मान खाली घातली. "शासन वास्तववादीही होतंय," ते म्हणाले. "त्यासाठी मी स्वयंसेवकांची नावं मागवलीत. काकुतासान तयार नाहीत. म्हणाल्या, सत्तावीसला बेशुद्ध पडते, पण एकोणचाळीसला माझ्याच्याने होणार नाही, गुरुवारी दाताची वेळ घेतलीय. ते असो. मी नगरपालिकेला कळवून तिथला शिक्काही मारून आणलाय, हा कागद आता तुमच्याकडेच ठेवा. तीन तारखेला सकाळी दहाला कवायत. आदेश देणार तुम्ही. इंग्रजी उच्चार दुसऱ्या कोणाला झेपणार?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण इथे अवलक्षणाला ध्वनिवर्धकही मिळणार होता.

मिनोबेंनी अर्धी रजा टाकली आणि नगरपालिका गाठली. खिडकीवर चष्मा कपाळावर चढवलेले एक अतिशय विनयशील गृहस्थ होते.

"हा कागद रद्द करायचा होता."

गृहस्थांनी कागद पाहिला. "याला आवक क्रमांक पडलाय."

"पण हा तुमचा कागद नाहीच आहे!"

"नाहीच," गृहस्थ आनंदाने म्हणाले. "मी सगळे विभाग विचारून आलो. कोणाचाच नाही. म्हणूनच आम्ही तो रद्द करू शकत नाही. ज्याने काढला त्याने रद्द करायचा."

"आणि त्याने केला तर?"

"अगदी सोपं आहे. अर्ज करायचा. मग त्यांचं नाव आणि रद्द करण्याचं कारण फिरत्या पाटीवरून सर्व घरांना कळवलं जातं. शिक्क्यासाठी." त्यांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "कारण सविस्तर लिहावं. तीन ओळी दिल्यात, पुरल्या नाहीत तर पुरवणी."

मिनोबेंनी पेन उचललं. कारण: मला इंग्रजी येत नाही. एका ओळीतच मावत होतं. पुरवणीचीही गरज नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं, खिडकीला वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले. बाहेर पाऊस होता. त्या भागात म्हणच आहे, की डबा विसरा पण छत्री विसरू नका. मिनोबे डबा घेऊन आले होते.

आता मार्ग एकच उरला, कवायतीपुरतं तरी नीट पाठ करणं. ते जिन्यावर, ऑफिसात, टबमध्ये पाठ करू लागले. आश्चर्य म्हणजे गल्लीही करू लागली. कचरा ठेवायला गेलं की काकुताबाई शेजारणीला म्हणत, "हरी अप, गाडी येईल." दुकानात कोणाचा पोरगा रडला तर चार आवाज "काम डाउन" म्हणत. मिनोबेंनी सहा आठवडे घासून जे कमावलं ते गल्लीने बसल्याजागी उचललं, आणि वर त्यांनाच विचारायला येऊ लागली, की उच्चार बरोबर आहे ना?

"जरा संदर्भ बघावा लागेल," मिनोबे म्हणत.

तीन नोव्हेंबर उजाडला. आभाळ भरलेलं. सातोएने पाहुण्यांसाठी साकुरामासू माशाची सुशी मागवून ठेवली होती. पाहुणे बाराला येणार, कवायत अकराला संपणार, हिशेब चोख होता. गल्लीतली तीस-बत्तीस माणसं शिरस्त्राणं घालून दहाच्या आधी दहा मिनिटं रांगेत उभी होती. निशिकोरींच्या हातात नोंदी करायची चिमट्याची फळी. मिनोबेंच्या हातात ध्वनिवर्धक आणि स्वतःचा कागद, चौदा शिक्के आणि नगरपालिकेचा एक.

"नंबर एक! गेट अप!"

सगळे आधीच उभे होते. काकुताबाईंनी हरकत घेतली, की आधी बसल्याशिवाय उठता कसं येईल? मग सगळे बसले, मग उठले. अशा रीतीने प्रत्येक क्रिया तपशिलाने होऊ लागली. नवव्या नंबरला ध्वनिवर्धकाने एक शिट्टी मारली आणि तो बंद पडला. मिनोबे उघड्या घशाने ओरडू लागले. 'शो अप'ला सगळे घरात जाऊन पुन्हा उगवले. 'गिव्ह अप'ला हात टेकायचे, पण कोणी मनापासून टेकत नाही म्हणून निशिकोरींनी ती तीनदा करून घेतली. अकरा वाजून गेले तेव्हा पंचविसावा चालला होता, आणि मिनोबेंच्या घशातून सुतारकामासारखा आवाज येत होता.

"सत्तावीस! पास आउट!"

गल्लीने शिस्तीत बूट काढले, जोडीने लावून ठेवले, निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या अंथरल्या आणि त्यांच्यावर बेशुद्ध पडली.

मिनोबेंनी अठ्ठावीससाठी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. थोडी हवा आली. निशिकोरीही बेशुद्धांत होते, डोळे मिटून, फळी छातीवर. आदेश आल्याशिवाय शुद्धीवर यायचं नाही, हे तर तेच सगळ्यांना बजावून आडवे झाले होते. बारीक पाऊस सुरू झाला. कोणी हललं नाही.

आणि नेमकी याच वेळी कोपऱ्यावर टॅक्सी थांबली. पाहुण्यांना आधीची गाडी मिळाली होती.

टॅक्सीतून एक सहा फुटी, लालबुंद, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उतरले. त्यांना जे दिसलं ते असं: पावसात बत्तीस माणसं आडवी पडलेली, त्यांचे बूट ओळीत, आणि मधोमध एक माणूस कागद धरून माशासारखी तोंडाची उघडझाप करतोय. डेस्मंडनी हातातली पेटी टाकली आणि धावत येऊन सर्वांत म्हाताऱ्या बाईला उचलायला लागले.

"थांबा हो!" काकुताबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "अठ्ठावीस यायचाय अजून!"

"बाबा!" मागून कॅलमबरोबर उतरलेली चिसातो ओरडली. "काय झालंय? कोणाला लागलंय?"

मिनोबे डेस्मंडजवळ गेले. सहा आठवडे ज्या क्षणाची तयारी केली तो आला होता, आणि घशात हवेशिवाय काही नव्हतं. त्यांनी वाकून नमस्कार केला, कागद पुढे धरला आणि अठ्ठावीसवर बोट ठेवून आडव्या गल्लीकडे दाखवलं. डेस्मंडनी कागद पाहिला. गल्ली पाहिली. मिनोबेंना पाहिलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस; गोंधळ नक्की काय आहे हे कळेपर्यंत थांबला असता तर एकही पोर शाळेत पोचलं नसतं. त्यांनी छाती भरून घेतली.

"कम टू!"

समोरच्या छपरावरचे कावळे उडाले. बत्तीस माणसं एकदम शुद्धीवर आली आणि टाळ्या वाजवू लागली.

"शासनाने प्रत्यक्ष परदेशी निरीक्षक पाठवलाय," निशिकोरी उठता उठता भारावून म्हणाले. उरलेले बारा आदेश डेस्मंडनीच दिले, आणि एकोणचाळीसला तर त्यांनी शिरस्त्राण मागून घेऊन स्वतःच मरून दाखवलं. गल्लीत इतकं नैसर्गिक मरण कोणी पाहिलं नव्हतं.

चिसातोने वडिलांच्या हातातला कागद घेतला. अक्षर बघितलं, विषय बघितला, मुदत बघितली. "बाबा, हे तुमचं..."

मिनोबेंनी बोट ओठांवर ठेवलं. चिसातोने कागदाची घडी घालून आपल्या खिशात टाकली आणि निशिकोरींना म्हणाली, "वडिलांना आता बोलायला लावू नका. परदेशी उच्चारांनी घसा जातो."

जेवायला सुशी होती, आणि सातोएने पाहुण्याच्या ताटात प्रत्येक तुकडा दोनदा वाढला. चिसातो डाव्या-उजव्या बाजूला भाषांतर करत होती: हवा, विमान, मासा, न्यूझीलंडचा पाऊस, इथला पाऊस. मिनोबे नुसते हसत होते. मुलीने सांगितलं होतं अगदी तसं.

चहाचं पाणी आणायला चिसातो आत गेली आणि कॅलमही तिच्यामागे मदतीला गेला. मिनोबे झटकन सरकून डेस्मंडच्या कानाशी आले. आवाज नव्हताच. कुजबुज तेवढी होती, आणि कुजबुजीला भिंतीपलीकडे ऐकू जायची सवय नसते.

"चिसातो," ते म्हणाले. "ब्रेक डाउन."

डेस्मंड त्यांच्याकडे वळले.

"यू, क्वाएट. टी." मिनोबेंनी पेला उचलून हळूच चटईवर ठेवला, दोन बोटं माणसासारखी चालवत ती दूर नेली. "गो अवे. चिसातो... काम डाउन. कम राउंड." त्यांनी घड्याळावर बोट ठेवून दहा मिनिटं दाखवली. मग प्रामाणिकपणे विचार करून वीस केली.

मिनोबेंना वाटलं, चुकलंच काहीतरी. मग त्या माणसाने लालबुंद मान हळूहळू तीनदा हलवली, आतल्या दाराकडे एक नजर टाकली, आणि घसा अगदी ठणठणीत असूनही मिनोबेंच्या कानाशी येऊन ते कुजबुजले.

"कॅलम," ते म्हणाले. "डझन्ट ओपन अप." त्यांनी ओठ चिमटीत धरून दाखवले. मग दोन बोटं दारातून बाहेर चालवली. "गोज आउट. वॉक्स." बोटं चटईच्या टोकापर्यंत गेली, तिथे बराच वेळ उभी राहिली. डेस्मंडनी त्या टोकाकडे पाहिलं, जणू खरंच पोरगं तिथे उभं आहे. मग बोटं वळली. "बट ही कम्स बॅक."

'ओपन अप' यादीत नव्हतं. मिनोबेंना ते कळलं. त्यांनी घड्याळ पुढे केलं. डेस्मंडनी काट्यावरून अख्खी दोन तासांची फेरी मारली, आणि दोघे बाप एकदम आवाज न करता हसायला लागले.

चिसातो चहाची किटली घेऊन दारात उभी. "बाबा, तुमचा घसा बसलाय, पण ते का कुजबुजतायत? काय म्हणत होते?"

"हवा छान आहे म्हणाले," मिनोबे कसेबसे म्हणाले.

"एवढा वेळ?"

"तिकडे हवा पुष्कळ असते," मिनोबे म्हणाले, आणि व्याह्यांचा पेला पुढे केला.